साडूंचं अन्नछत्र

पाहुणचाराचं वेड असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या साडूंसारखा यजमान सुरतेपासून भुसावळपर्यंत तापीच्या दोन्ही काठांना दुसरा सापडायचा नाही. आणि सापडलाच, तर त्याचे पाहुणे निदान दाराने येत असतील. आमच्या साडूंचे पाहुणे गच्चीच्या कठड्यावरून आत येतात. येताना फरसाणाचा पुडा आणत नाहीत, तब्येत विचारत नाहीत, आणि पोट भरलं की 'बरं, निघतो' एवढंही न म्हणता उडून जातात. तरी साडू त्यांच्या मागे कठड्यापर्यंत जाऊन उभे राहतात. मी सुरतेच्या दुसऱ्या टोकाच्या सचिन गावाहून दोन रिक्षा बदलून गोडादऱ्याला त्यांच्याकडे जातो, तर निघताना मला सोडायला ते अजून एकदाही जिन्यापर्यंत आलेले नाहीत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. थोरल्या बहिणीला आम्ही सगळे ताई म्हणतो. साडूंनी जन्मभर पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलरमास्तर म्हणून काम केलं. व्यापारी बोटभर चिंधी आणून देणार, आणि मास्तरांनी हजारो मीटर कापड त्याच रंगात जुळवून काढायचं. असं आयुष्य घालवल्यावर माणसाच्या डोळ्याचं काय होतं ते आमच्या साडूंकडे बघून समजतं. ताई चहा आणते तेव्हा ते आधी कप उजेडात धरतात आणि "आज अर्धा शेड खाली आहे" म्हणून परत पाठवतात. मला एकदा कावीळ झाली होती. सगळे नातेवाईक मोसंबी घेऊन आले, साडू आले, त्यांनी माझी पापणी खाली ओढली, खिडकीचा पडदा सरकवून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "पिवळा बरोबर आहे, पण जरा हिरव्यावर जातोय. डॉक्टर बदला." ताईला बघायला गेले तेव्हा म्हणे त्यांनी मुलीकडे पाहिलंच नाही, पोह्यांची बशी हातात धरून तिच्या साडीकडे टक लावून बसले आणि शेवटी सुस्कारा सोडून म्हणाले, "टिकायचा नाही." घरात रडारड झाली. माझे सासरे मध्यस्थाच्या अंगावर धावून गेले. तासाभराने खुलासा झाला की पाहुणे साडीच्या रंगाबद्दल बोलत होते. ती साडी पहिल्याच धुण्यात पांढरी पडली, आणि ताई अजून सांगते की आयुष्यात ह्या माणसाचा हा एकच अंदाज बरोबर आला.

तर असा हा माणूस एका संध्याकाळी पलसाण्याहून मोटरसायकलवर घरी येत होता. नवरात्र होऊन गेलं होतं, दिवाळी जवळ आली होती. हायवेला उसाच्या शेतांशी त्यांना दिसलं की रस्ता ओलांडून काहीतरी चाललं आहे. फुलपाखरं होती. साडूंच्या म्हणण्याप्रमाणे ती इतकी होती की ट्रकवाल्यांनी दिवे लावले. मी त्यातली निम्मी वजा करून सांगतो की पुष्कळ होती. काळ्यावर निळे ठिपके असलेली, तपकिरी, मधूनच एखादं शेंदरी. सगळी एकाच दिशेला, कुणी घाईत नाही, कुणी थांबत नाही. साडूंनी गाडी स्टँडवर लावली आणि रस्त्याकडेच्या चहावाल्याला विचारलं, "हे कुठं चाललेत?" चहावाल्याने मानही वर न करता उत्तर दिलं, "ए तो तमारी जेम ज, मास्तर. दिवाळी आवे एटले नीकळी पडे." तुमच्यासारखीच, दिवाळी आली की निघाली.

ह्या एका वाक्याने आमच्या साडूंचा घात केला. कारण दिवाळीला गाव गाठणं म्हणजे काय हे गोडादऱ्यातल्या खानदेशी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. उधना स्टेशनावर खिडकीतून पोर आत टाकायचं, मग पिशवी टाकायची, मग स्वतः आत शिरायचं आणि आत गेल्यावर ते पोर आपलंच आहे ना ते बघायचं. साडू घरी आले ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि ताईला म्हणाले, "एवढा लांबचा पल्ला, आणि वाटेत त्या बिचाऱ्यांना कोणी पाणी विचारत नाही." ताईला वाटलं गावाकडून कोणी आलंय. तिने कणकेत आणखी दोन मुठी पीठ टाकलं.

वणीच्या देवीला पायी जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे रस्त्यात केळी, चहा, साबुदाण्याची खिचडी ठेवतात, तसं अन्नछत्र फुलपाखरांसाठी गच्चीवर काढायचं असं साडूंनी ठरवलं. मिलमधून रंगाचे रिकामे ड्रम आणले, मधोमध कापून त्यांच्या कुंड्या केल्या. ड्रम धुवायचे राहिले. त्या पहिल्या खेपेत जो झेंडू आला त्याला जांभळट झाक होती हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. अजून कोणी शपथ घ्यायला बोलावलेलं नाही, हे माझं नशीब. मग घाणेरी आली, लिंबू आलं, कढीपत्ता आला, वाळल्या शेंगा वाजणारा खुळखुळा आला. कुठल्याशा मोबाइलवरच्या चित्रफितीत त्यांनी पाहिलं की शेंदरी फुलपाखराला रुई लागते. झालं. जी रुई रेल्वेच्या भिंतीलगत, कोणी न लावता, गाढवानेही तोंड न लावता आपली आपण वाढते, ती साडूंनी मुळासकट खणून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी रिक्षात मांडीवर घेऊन आणली आणि सगळ्यात मोठ्या ड्रममध्ये लावली. तिला घरातलं गाळलेलं पाणी घालू लागले. ताई म्हणाली, "मला लग्नात एवढं जपून नव्हतं आणलं."

आणि पाहुणे आले. खरंच आले. शेंदरी रंगाचं, काळ्या किनारीचं, पंखांच्या टोकांना पांढरे ठिपके असलेलं एक फुलपाखरू रुईवर उतरलं, पानापानाच्या खाली जाऊन काहीतरी करून आलं. मग दुसरं. साडूंनी मला फोन करून बोलावून घेतलं. आम्ही दोघं गच्चीत पालथ्या बादल्यांवर बसलो होतो. बोलता बोलता साडू उठले, रुईचं पान उलटं केलं, तिथून एक पट्ट्यापट्ट्यांची अळी उचलली, बोटाने चिरडली, हात पँटला पुसला आणि बसून पुढे म्हणाले, "येतात, बसतात, फिरतात. पण साडूभाऊ, एक गोष्ट मनाला लागते. एकालाही पोरबाळ दिसत नाही."

आता तुम्ही हसाल. पण साडूंच्या बापाची कपाशी होती, आज्याची कपाशी होती. आमच्या मुलखात पोर चालायला लागायच्या आधी अळी मारायला शिकतं. शेतातून जाताना दुसऱ्याच्या कपाशीवरही अळी दिसली तर बोट आपोआप जातं. ते बोट डोक्याला विचारायला थांबत नाही. साडूंना सुरतेत येऊन इतकी वर्षं झाली, शेत गेलं, बैल गेले, पण ते बोट तेवढं बरोबर आलं होतं. रोज सकाळी आंघोळीआधी ते गच्चीवर जायचे, सगळी पानं उलटीसुलटी करून अळ्या मारायचे, तंबाखूचं पाणी शिंपडायचे आणि मग हात जोडून पाहुण्यांची वाट पाहायचे. असं कितीतरी महिने चाललं. आणि मी, अंगात इस्त्रीचा शर्ट घातलेला, बारावी पास, शेजारच्या बादलीवर बसून मान डोलावत होतो, कारण माझ्याही बापाची कपाशीच होती.

उलगडा झाला तो रंगामुळे. एके दिवशी जी अळी सापडली तिच्या अंगावरचा पिवळा साडूंना इतका आवडला की मारायचं सोडून त्यांनी ती सॅम्पल म्हणून ठेवून घेतली. व्यापाऱ्याची चिंधी डबीत ठेवतात तशी अळी शेवेच्या रिकाम्या बरणीत, सोबत चार पानं, वर फडकं. मग भाचीच्या लग्नाच्या गडबडीत विसरले. परत येऊन पाहतात तर अळी नाही. फडक्याला आतून लटकलेली एक हिरवीगार पुडी, आणि तिच्यावर सोनेरी ठिपक्यांची ओळ. साडूंनी ती बरणी जरीचं काम करणाऱ्या शेजाऱ्याला दाखवली. त्याने भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "हे काम कोणाकडून केलं? सुरतेत एवढी साफ टिकली आता कोणी लावत नाही." पुढच्या आठवड्यात ती पुडी काचेसारखी झाली, आतून शेंदरी दिसायला लागलं, आणि एका सकाळी बरणीत फुलपाखरू.

मी गेलो तेव्हा साडू ड्रमच्या काठावर बसले होते. चहा समोर निवला होता आणि त्यांनी त्याचा शेड पाहिला नव्हता.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "जेवायला मीच बोलावलं."

एवढंच. त्यांच्या उजव्या हाताचं ते बोट डाव्या मुठीत धरलेलं होतं.

पण आमचे साडू दुःखही ठरावीक मापात करणारे नव्हेत, आणि पश्चात्ताप तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अळ्यांची अशी बडदास्त सुरू केली की ती पाहून घरजावयाला लाज वाटावी. कावळ्यांसाठी हाकारा, मुंग्यांसाठी ड्रमभोवती पाण्याची ताटली, दुपारच्या उन्हाला ताईच्या जुन्या साडीचा पडदा. मी बोट लावलं तर अहिराणीत खेकसत, "कसाले हात लावस? खाऊ दे त्याले." आणि इथेच खरा पेच पडला. कारण रुईच्या पानांवर साडूंच्या अळ्यांच्या आधी दुसऱ्या कोणाचा तरी हक्क होता, आणि तो साधासुधा गडी नव्हता. साक्षात मारुती होता.

ताई लग्न होऊन सुरतेला आली त्या वर्षापासून दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालते. आधी त्यासाठी रेल्वेच्या भिंतीपर्यंत जावं लागायचं. रुई घरातच आल्यावर तिला वाटलं, देवाने ह्या माणसाला एकदाची बुद्धी दिली. बिल्डिंगमधल्या गुजराती बायकाही त्याला आकडा म्हणतात आणि शनिवारी त्याचीच माळ घालतात. त्याही गच्चीवर येऊ लागल्या. आता साडूंनी पाटी लावली: 'पाने तोडू नयेत. आत मुले जेवत आहेत.' खाली तेच गुजरातीत.

ताईने पाटी वाचली आणि जिन्यातूनच आवाज दिला, "आयकी राह्यनात का? मारुती मोठा का अळी मोठी?"

"मारुती मोठा," साडू म्हणाले. "म्हणून तर तो थांबू शकतो. अळीला आजच खायचंय."

त्या शनिवारी साडूंना वरण-भातातलं वरण मिळालं नाही.

भांडण घरातलं होतं तोवर ठीक होतं. पण बायका गेल्या प्रमुखांकडे. प्रमुख म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. सौराष्ट्राकडचे गुजराती गृहस्थ, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण नियम म्हणजे नियम. त्यात ह्या वर्षी गल्लीत ड्रेनेजचं खोदकाम निघालं होतं, त्यामुळे नवरात्राचा गरबा गल्लीत व्हायची सोय नव्हती. गच्ची हवी होती. प्रमुख वर आले, कमरेवर हात ठेवून अन्नछत्र पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, आ शुं मांडयुं छे? आकडो ते घरमां होय? नोरता आवे छे, अगाशी खाली करो. रविवारे माणस मोकलीश."

म्हणजे रुई काय घरात ठेवतात, नवरात्र आलं, गच्ची रिकामी करा. रविवारी माणसं येणार, ड्रम उचलणार, आणि रुई जिथून आली तिथे रेल्वेच्या भिंतीशी फेकली जाणार. तेव्हा रुईवर अळ्या बोटभर झाल्या होत्या, आज-उद्या लटकायच्या बेतात. हायवेवरची झुंडही थोड्याच दिवसांत येणार होती. साडूंनी प्रमुखांना विनवलं, निदान दिवाळीपर्यंत राहू द्या. चार घरांत फिरले. प्रत्येक घरात चहा मिळाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एकाही कपाला नाव ठेवलं नाही, ह्यावरून त्यांची अवस्था समजून घ्या. शुक्रवारी मला म्हणाले, "मन्ही गच्ची नही ना ती. भाड्याच्या जागेत पाहुणे बोलावले, चूक आपलीच."

शनिवारी सकाळी ताई गच्चीवर गेली. पाटी होती, तिच्याशेजारी साडू होते. ती म्हणाली, "उद्या तर सगळं जाणारच आहे. आजची माळ माझी." साडू बाजूला झाले. तिने पानं तोडली, तिथेच बसून माळ ओवली आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मारुतीला नेऊन घातली.

रविवारी सकाळी माणसं आली ती ड्रम उचलायला नाही, साडूंना बोलवायला. देवळातले महाराज पहाटे मूर्ती पुसायला गेले तर मारुतीच्या डोक्यावरच्या पितळी छत्राच्या काठाला एक हिरवी पुडी लटकलेली, आणि तिच्यावर सोन्याचे ठिपके. आदल्या रात्री नव्हती. ठिपके मोजता येत नव्हते, कारण महाराजांचे डोळे भरून येत होते. नऊ वाजेपर्यंत अख्खा गोडादरा तिथे लोटला. कोणी म्हणालं देवीने नवरात्राआधी मारुतीला दागिना पाठवला. कोणी म्हणालं आत हिरा आहे. एका लूम कारखान्याची पाळी दोन तास उशिरा सुरू झाली असं मला रिक्षावाल्याने सांगितलं, आणि रिक्षावाल्याच्या शब्दाबाहेर मी कधी जात नाही.

साडू गर्दीतून पुढे गेले. त्यांना एका नजरेत समजलं. ते खरं खरं सांगणारच होते. मी त्यांचा शर्ट मागून धरून ठेवला होता. पण त्याची गरज पडली नाही. त्यांनी तोंड उघडलं आणि एवढंच म्हणाले, "आत जीव आहे. कोणी हात लावू नका. बाहेर येईल तेव्हा येईल."

प्रमुख त्यांच्याजवळ आले. चपला देवळाबाहेर काढलेल्या होत्या. हळूच विचारलं, "मास्तर, आ पान तमारा झाडनां ने?"

"हो. आमच्या घरातनं घातली माळ."

प्रमुखांनी थोडा विचार केला आणि ड्रम उचलायला येणार होती त्या माणसांना नको म्हणून निरोप धाडला. त्या वर्षी गरबा गच्चीवरच झाला. ड्रम सगळे मधोमध लावले, त्यांच्यात माताजींचा दिवा ठेवला, आणि अख्खी सोसायटी रुईभोवती फेर धरून नाचली. खुळखुळ्याच्या शेंगा तालावर वाजत होत्या. बायकांनी पाटीखाली आपण होऊन हळदकुंकू वाहिलं.

पुडी उघडली तेव्हा नवरात्र अर्ध्यावर आलं होतं. महाराजांनी घंटा वाजवली, माणसं धावली. फुलपाखरू बाहेर आलं, ओल्या चुरगळलेल्या कापडासारखं लटकलं, मग घरंगळत खाली येऊन मारुतीच्या खांद्यावर बसलं आणि पंख पसरून वाळवू लागलं. सगळे हात जोडून उभे. आमचे साडू मात्र पुढे झाले, चष्मा कपाळावर सारला, एकदा फुलपाखराकडे पाहिलं, एकदा मारुतीच्या अंगावरच्या शेंदराकडे, मान तिरकी करून पुन्हा फुलपाखराकडे. जन्मभर हजारो चिंध्यांपुढे उभे राहिले तसे उभे होते.

"मॅच आहे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "अर्धा शेडसुद्धा फरक नाही."

त्यानंतर मी एकदा ताईला विचारलं. म्हटलं, ताई, तुम्ही तुरीच्या डाळीतला मोहरीएवढा खडा दिव्याच्या उजेडात काढता. बोटभर लांब, पिवळीकाळी अळी माळेत ओवताना दिसली नाही? ताई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "शनिवारी मी चष्मा नाही लावत." तिने भाकरी तव्यावर टाकली आणि पाठ फिरवली. साडूंना मी हे सांगितलेलं नाही. त्यांना ठाऊक असावं, असं मला अलीकडे वाटायला लागलं आहे, कारण चहा ते आता उजेडात धरत नाहीत.

दिवाळीत गोडादरा रिकामा होतो. लूम थांबतात, आणि वर्षभर त्या खटखटीत झोपलेल्या माणसाला शांततेने जाग येते. आमचे साडू अलीकडे गावाला जात नाहीत. आईवडील गेले, घर चुलतभावाने पाडून नवीन बांधलं, बोलावतं कोणी नाही असं नाही, पण उतरायचं कोणाकडे हा प्रश्न पडतो. मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा बिल्डिंगमध्ये फक्त ते दोघं होते. गच्चीवर गेलो आणि दारातच थांबलो. वाळक्या खुळखुळ्यावर काडी दिसत नव्हती, इतकी निळीकाळी फुलपाखरं लटकली होती. घाणेरीवर, पडद्याच्या साडीवर, पाटीवर. साडूंनी ओठांवर बोट ठेवलं. मारणारं बोट ते हेच. दुपारचं ऊन चढलं तशी ती एकेक करून सुटली, गच्चीवर एक घिरटी, आणि मग सगळी एकाच दिशेला. साडू कठड्यापर्यंत गेले.

"कुठली दिशा?" मी विचारलं.

"आपल्याकडची," साडू म्हणाले. मला ती दक्षिण वाटत होती, पण सूर्याशी वाद घालणं वेगळं आणि साडूंशी वेगळं.

गच्ची रिकामी झाल्यावर आम्ही रुईजवळ आलो. एक पान धड नव्हतं. चाळणी झाली होती नुसती. काही पानांच्या तर शिराच उरल्या होत्या. शनिवार होता. ताई परडी घेऊन वर आली आणि त्यातल्या त्यात बरी पानं खुडू लागली. मी म्हटलं, ताई, अशी भोकं पडलेली, उष्टी पानं मारुतीला?

"त्याच्या मालकाने उष्टी बोरं खाल्लीच होती की," ताई म्हणाली.

साडूंनी एक पान हातात घेतलं, सवयीने उजेडात धरलं. त्या भोकांतून ऊन त्यांच्या तोंडावर ठिपक्या-ठिपक्यांनी पडलं. खाली सगळ्या दारांना कुलपं होती. त्यांनी ते पान खिशात घडी न करता ठेवलं आणि पाहुण्यांनी ताट स्वच्छ केल्यावर घरचा कर्ता म्हणतो तशा आवाजात म्हणाले,

"जेवून गेले."